धावपट्टीवर माझाच आवाज

मित्रांनो, माझा स्वतःचा आवाज मी एकदा दुरून येताना ऐकला आहे. त्या वेळी माझे इंजिन बंद होते आणि टाकीत पेट्रोलचा थेंबही नव्हता. तरीही तो आवाज माझाच होता. आईला लेकराचा ओळखू यावा तसा तो मला ओळखू आला.

मी एक जुनी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार आहे. माझा रंग बाटलीसारखा हिरवा. उजव्या दारावर तो आता थोडा उडाला आहे. माझे मालक गाड्यांच्या मासिकात लिहीत. नवी गाडी आली की ती ओस पडलेल्या विमानतळाच्या धावपट्टीवर न्यायची, शून्यावरून शंभरचा वेग गाठायला किती सेकंद लागतात ते मोजायचे आणि खरे तेच छापायचे, हे त्यांचे काम. कचेरीत सगळे त्यांना सेकंदकाका म्हणत.

मोजायला घरचेच माणूस होते. त्यांची मुलगी आठ वर्षांची असल्यापासून माझ्यात त्यांच्या शेजारी स्टॉपवॉच घेऊन बसे. काकांनी तिचे नाव घड्याळबाई ठेवले होते. गाडी थांबली रे थांबली की ते विचारत, "किती, घड्याळबाई?" आणि आकडा ऐकून त्यांचे समाधान म्हणून कधी होत नसे. "छे! परत घेऊ," असे म्हणत ते गाडी वळवत. मला शंभरला पोचायला आठ पूर्णांक चार सेकंद लागत. तेवढे मान्य करायला त्यांनी मला अकरा वेळा पळवले.

नव्या गाड्यांचा ते दुस्वास करत नसत. चांगल्या आकड्याचे कौतुक मनापासून करत. पण घरी आले की कुरकुरत, "फार हुशार झाल्यात गं या गाड्या! चूकच करू देत नाहीत. चाक घसरायच्या आत स्वतःच सावरतात. मग मी आत बसून करू काय, टाळ्या वाजवू?"

घड्याळबाई मोठी झाली आणि गाड्यांच्या एका कंपनीत आवाजाची इंजिनियर झाली. कंपनीने विजेवर चालणारी एक स्पोर्ट्स कार बनवली होती. ती इतकी मुकी होती की चालवणाऱ्याला वेगाचा अंदाजच येईना. म्हणून तिला आतल्या आणि बाहेरच्या स्पीकरमधून जुन्या इंजिनाचा आवाज द्यायचे ठरले. मुलीने माझा आवाज निवडला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

तिने माझ्या बॉनेटखाली, धुराच्या नळीपाशी आणि आसनाखाली मायक्रोफोन चिकटवले.

"बाबा, एक शब्द बोलायचा नाही हं."

"बरं बाई. तोंडाला कुलूप."

पण सवय कुठली सुटायला? पहिली फेरी संपताच काका बोलून गेले, "किती, घड्याळबाई?" कानांवर हेडफोन लावलेल्या मुलीने डोळे वटारून ओठांवर बोट ठेवले. असे दिवसभरात सहा वेळा झाले. सहाही वेळा तिने आकडा सांगितला नाही. पुढे ते सहा तुकडे तिने कचरा म्हणून पुसून टाकले.

तीन महिन्यांनी काका झोपेतच गेले. फोनवर बोलायचा त्यांना कंटाळा असे. घरात त्यांचा आवाज कोणाकडेच जपलेला नव्हता. मुलगी गॅरेजात येऊन माझ्यात बसे आणि स्वतःशीच म्हणे, "सहा वेळा विचारलं त्यांनी. मी पुसून टाकलं." नंतर तिचे येणेही थांबले. माझ्या अंगावर कापड पडले, बॅटरी उतरली, टायर बसले.

मग नव्या गाडीच्या चाचणीचा दिवस आला. तिच्या शेजारी उभी करून फोटो काढायचा म्हणून मला दुसऱ्या गाडीवर लादून धावपट्टीवर नेले आणि विमानांच्या शेडच्या सावलीत ठेवले. दुपार होती. ऊन रखरखत होते. वारा पूर्ण पडला होता.

नवी गाडी धावपट्टीच्या टोकाला गेली. मग तिकडून मी येऊ लागले. मित्रांनो, काटा यायला मला कातडी नाही, पण माझ्या काचा थरथरल्या.

गाडी चालवत होता तो काकांच्या हाताखाली तयार झालेला माणूस. तो उतरला आणि गाडीपासून चार पावले लांब जाऊन उभा राहिला.

"ताई, तीन पॉइंट एक आला. पण ते शेवटी काकांचं का ठेवलंत?"

"काकांचं काय?"

"थांबल्यावर 'किती' म्हणतात ना, ते."

मुलीने लॅपटॉप उघडला. त्या जागी पडद्यावर नुसती सरळ रेघ होती, म्हणजे तिथे आवाजच नव्हता. कंपनीचे साहेब स्वतः एक फेरी मारून आले. त्यांना इंजिनाखेरीज काहीच ऐकू आले नव्हते. "झकास आवाज आहे," ते म्हणाले. "तुम्हाला ऊन लागलंय."

मग मुलगी एकटी गाडीत बसली. मी सावलीत होते, तरी तिकडेही होते; आवाज माझाच होता ना! म्हणून पुढचे सगळे मी ऐकले. गाडी धावली, थांबली.

"किती, घड्याळबाई?"

तिने समोरचा आकडा पाहिला. मग कशीबशी म्हणाली, "तीन पॉइंट एक, बाबा."

"छे! परत घेऊ."

माझा आवाज टिपला त्या दिवशी माझ्यात बसून हे शब्द काका बोललेच नव्हते.

तिने परत घेतले. पुन्हा तोच आकडा, पुन्हा तेच उत्तर. चौथ्या फेरीला त्यांना धाप लागली होती. सहाव्या फेरीनंतर मुलगी उतरली, धडपडत माझ्याकडे आली आणि आधारासाठी तिने माझ्या बॉनेटवर हात टेकला. तो तिने झटकन मागे घेतला. सात महिने बंद पडलेले माझे इंजिन तव्यासारखे तापले होते.

"हा आवाज जाऊ द्यायचा नाही," ती साहेबांना म्हणाली.

"अहो, सहा हजार गाड्या तयार आहेत, त्यांत उद्या हाच आवाज भरायचाय! आणि कोणाला काही ऐकू येत नाही."

"मला येतंय. सहा हजार गाड्यांतून माझ्या बाबांनी रोज धावत राहायचं का? त्यांना कधी बसू द्याल की नाही?"

ती लॅपटॉपसमोर बसली. जगात तिच्या वडिलांचा आवाज तेवढाच उरला होता.

"आकडा बरोबर आहे, बाबा," ती हळूच म्हणाली. "मी नीट मोजलाय. पुरे आता."

तिने सगळे पुसले, एकही प्रत ठेवली नाही. माझे इंजिन टिक्, टिक् करत निवू लागले.

तिची ती नोकरी गेली. नव्या गाडीला संगणकावर बनवलेला कुठलातरी आवाज मिळाला. मला मात्र तिने दुरुस्त करून घेतले. मेकॅनिक डोके खाजवत म्हणाला, "ताई, इंजिन ठणठणीत आहे हो. पण आवाज बसलाय. का बसला, काही कळत नाही." ती म्हणाली, "असू दे." सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी सावकाश फिरून येतो.

मित्रांनो, घरातले जुने यंत्र महिन्यातून एकदा तरी सुरू करा, त्याच्यावर नुसते कापड टाकून विसरू नका. आणि रस्त्यावरून एखादी मुकी गाडी उसन्या आवाजात गुरगुरत गेली, तर जरा बाजूला होऊन तिला वाट द्या. तो आवाज कोणाचा आहे आणि तो किती दिवसांपासून धावतो आहे, ते आपल्याला माहीत नसते.