दुसरं कुलूप

माझा साडू आणि मी लिफ्ट दुरुस्त करतो. आधी आम्ही एकाच कंपनीतले जोडीदार होतो, साडू नंतर झालो. त्यानंच आपली मेहुणी मला दाखवली आणि लग्न लागेपर्यंत तिच्या तापट स्वभावाबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यावरून मी त्याला अकरा वर्षं शिव्या घालतोय. तो म्हणायचा, "मी एकट्यानंच का भोगायचं? घरातलं दुःख घरातच वाटून घ्यावं." हल्ली मी कितीही डिवचलं तरी तो काही म्हणत नव्हता.

आमच्या कामातला एक नियम आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. एक जण वर मशीन रूममध्ये असतो. दुसरा खाली, लिफ्टच्या तळाशी खड्डा असतो, त्यात उतरतो. उतरण्याआधी वरचा मेन स्विच बंद करायचा आणि त्याच्या कडीत दोघांनी आपापलं कुलूप अडकवायचं. चावी ज्याची त्याच्या खिशात. काम संपलं की आपलं कुलूप आपणच काढायचं. एक जरी कुलूप तिथे असेल तरी स्विच हलत नाही, त्यामुळे खाली माणूस असताना वरच्याच्या हातून लिफ्ट चुकूनही सुरू होत नाही. साडू याबाबतीत इतका कडक होता की कुणी कुलूप न लावता दिसला तर त्याला सगळ्यांसमोर सोलून काढायचा. साहेबांनासुद्धा त्यानं एकदा सोडलं नव्हतं.

तीन महिन्यांपूर्वी एका इमारतीत माझं वरचं काम झालं. मी माझं कुलूप काढलं. कडीत दुसरं कुलूप नव्हतं. म्हटलं, हा आटोपून चहाला गेला असणार. स्विचवर हात ठेवला, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, त्याला फोन लावला.

"कुठे आहेस?"

"खड्ड्यात."

मी स्विचवरचा हात काढून घेतला. तो वर आल्यावर मी काय केलं? हसलो. "म्हातारा झालास साडूबुवा, बदाम खा," म्हणालो. तोही हसल्यासारखं करून जिना उतरू लागला.

दुसऱ्या वेळी, महिन्याभरानं, तो खाली गेल्यावर मी मुद्दाम पाहिलं. कडीत एकच कुलूप, माझं. त्याचं कुलूप वरच ठेवलेल्या त्याच्या पिशवीत उघडंच पडलं होतं. ते मी उचललं, कडीत घातलं आणि दाबून बंद केलं. दाबलं की लागणारी कुलपं आहेत ती, चावी फक्त काढायला लागते. नंतर तो वर आला, कुलपाकडे जरा वेळ बघत राहिला, मग चावी लावून काढलं. मी त्याच्याकडे पाठ करून हत्यारं भरत होतो. कुणाला काही बोललो नाही. त्याची नाचक्की नको, कार्यालयात बोभाटा नको. मला वाटलं, मी त्याला सांभाळून घेतलं.

माणसाला काय झालं होतं, असं आता सगळे विचारतात. काही झालं नव्हतं. कुणी गेलं नव्हतं, नोकरी शाबूत होती, मुलगी अभ्यासात बरी होती. म्हणूनच कुणी मनावर घेतलं नाही. तो भांडायचा बंद झाला. आधी प्रत्येक पाना पुसून जागच्या जागी ठेवणारा हा माणूस आता सगळं पिशवीत कोंबू लागला. डबा माझ्यापुढे सरकवून म्हणायचा, "तूच खा." मी खायचो. त्याचा एक पान्यांचा जुना संच होता, वडिलांच्या वेळचा, मी त्याला हात लावला तरी ओरडायचा. तो त्यानं मला एक दिवस सहज देऊन टाकला. "तुला आवडतो ना? घे." मी खुळ्यासारखा खूश होऊन घरी घेऊन गेलो आणि बायकोला दाखवला. बायको म्हणाली, "त्यांनी दिला? बरे आहेत ना ते?" मी तिच्यावरच डाफरलो. चांगली वस्तू मिळाली तर हिला त्यातही खोट दिसते, म्हणालो.

त्याची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्याकडे आली होती तेव्हा हळूच म्हणाली, "हे अंघोळीला जातात आणि तासभर बाहेर येत नाहीत. नळाचा आवाजही येत नाही. दार वाजवलं की 'आलो' म्हणतात."

"पोट साफ होत नसेल, ताई," मी म्हणालो.

सगळे हसले. ताईही हसल्या. ते हसू अजून माझ्या अंगावर येतं.

मग गेला मंगळवार. आठ मजली कार्यालय, सकाळचे अकरा. मी मशीन रूममध्ये, तो खाली. कडीत माझं एकच कुलूप. या वेळी त्याचं कुलूप उचललं आणि खिशात घालून आठ मजले उतरलो. गुडघे कुरकुरत होते आणि डोक्यात तिडीक गेली होती. तळमजल्यावरचं लिफ्टचं दार उघडून वाकून पाहिलं. तो खड्ड्यात स्प्रिंगशेजारी नुसता बसला होता. हातात फडकं, पण पुसत काही नव्हता.

"हे काय आहे?" मी कुलूप दाखवलं. "पुन्हा विसरलास?"

त्यानं मान वर केली. "नाही."

"नाही म्हणजे?"

"विसरलो नाही. लावावंसं वाटलं नाही."

आधी मला राग आला, खरं सांगतो. "अरे, मी स्विच चालू केला असता म्हणजे? माझ्या हातानं? ताईंना काय तोंड दाखवलं असतं मी?"

"तू आधी फोन करतोस."

"आणि एखाद्या दिवशी नसता केला तर?"

"तर नसता केला," तो म्हणाला. वेळापत्रक सांगावं इतक्या साध्या आवाजात.

मी दाराच्या कडेला खाली बसलो. विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "तुला मरायचंय का?"

त्यानं हातातल्या फडक्याची घडी घातली. "मरायचंय असंही नाही रे. पण सकाळी डोळे उघडले की दिवस अंगावर येतो. वाटतं, आपलं काय करायचं ते दुसऱ्या कुणीतरी ठरवून टाकावं. म्हणजे सुटलो."

"वर ये," मी म्हणालो. "आधी वर ये."

तो मुकाट्यानं शिडी चढून आला. मी त्याचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. लोक बघत होते, बघेनात का. तेवढ्यात इमारतीचा व्यवस्थापक तरातरा आला. "लिफ्ट कधी सुरू होणार? आमच्या साहेबांचे गुडघे दुखतात, आणि ते आठव्या मजल्यावर बसतात!"

"मग आज त्यांना खालीच बसवा," मी म्हणालो. "लिफ्ट आज होणार नाही."

आमच्या ओळखपत्राच्या मागे एक फोन नंबर छापलेला आहे, 'मनावर ताण असेल तर बोला'. छापून आला तेव्हा आम्हीच त्याची टर उडवली होती. आमच्याकडे ताण फक्त दोरांना असतो, आणि तो आम्हीच मोजतो, असं काहीतरी म्हणून. तोच नंबर मी जिन्यात उभा राहून लावला. वाक्यं नीट जुळत नव्हती, तरी पलीकडच्या बाईंनी मध्ये तोडलं नाही.

"ते आत्ता कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"माझ्या शेजारी."

"त्यांना एकटं सोडू नका. आज चार वाजता समुपदेशकांकडे घेऊन या. येतील का, विचारा त्यांना."

मी विचारलं. मला वाटलं होतं, भडकेल, मला काय वेड लागलंय का म्हणेल. मी तसंच म्हटलं असतं. तो म्हणाला, "चल." आणि तिथेच पायरीवर बसून रडायला लागला. इतक्या वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. काय करायचं ते सुचेना, म्हणून नुसता शेजारी बसलो.

ताईंना फोन केला. मी घाबरलो होतो की त्या कोसळतील. त्या म्हणाल्या, "पत्ता सांगा." आम्ही पोचलो तेव्हा त्या आमच्या आधी येऊन दारात उभ्या होत्या, घरातल्याच चपला घालून.

समुपदेशक मध्यम वयाच्या बाई होत्या. त्यांना सर्दी झाली होती आणि त्या दर दोन मिनिटांनी माफी मागून नाक पुसत होत्या. साडू आधी एकटाच त्यांच्याशी बोलला, पाऊण तास. मग त्याला विचारून त्यांनी आम्हा दोघांनाही आत घेतलं. सांगितलं की डॉक्टरांनाही आजच दाखवायचं, काही दिवस कामावर जायचं नाही, घरात त्याच्याजवळ कायम कुणीतरी हवं. ताई एकेक गोष्ट ऐकून मान हलवत होत्या.

मग बाईंनी मला विचारलं, "काहीतरी बिनसलंय असं तुम्हाला पहिल्यांदा कधी वाटलं?"

आजच, असं म्हणता आलं असतं. ओठावर आलंही होतं.

"तीन महिने झाले," मी म्हणालो. आणि सगळं सांगितलं. पहिला फोन सांगितला. दुसऱ्या वेळी त्याच्या पिशवीतलं कुलूप मीच लावलं, तेही सांगितलं.

"तेव्हा त्यांना विचारावंसं नाही वाटलं?"

"वाटलं," मी म्हणालो. "भीती वाटली. तो हो म्हणाला असता तर मी काय करणार होतो?"

साडू माझ्याकडे बघत होता.

"ते तू लावलंस?" त्यानं विचारलं.

"हो."

"मी त्या दिवशी खाली बसून ठरवलं होतं," तो म्हणाला, "की आज घरी जाऊन हिला सांगायचं. कुलूप मुद्दाम पिशवीत ठेवलं, याची माझी मलाच भीती वाटली होती. मग वर आलो तर ते लावलेलं. म्हटलं, लावलं होतं की आपण, पिशवीत ठेवलं असं नुसतं वाटलं. म्हणजे इतकं काही बिघडलेलं नाही, आपणच उगाच घाबरतोय. म्हणून मग नाही सांगितलं."

ताईंनी डोळे मिटून घेतले. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला जरा बरं वाटलं असतं.