बारा वर्षांची राखीव जागा

नव्या सर्व्हरला चार पोर्ट होते, म्हणजे फायलींना ये-जा करायला चार दारं. कार्टूनपटांच्या त्या स्टुडिओत जुन्या सिस्टिमवाल्यांच्या जावईबापूंनी मालकांच्या मानगुटीवर बसून तो घ्यायला लावला होता. आता अठ्ठावीसच्या अठ्ठावीस संगणक पहिल्याच दारात चेंगरत होते आणि उरलेली तीन दारं माश्या मारत होती.

"जेवणाच्या सुट्टीपर्यंत वाट बघतो," मालक म्हणाले. "नाहीतर सर्व्हर परत. सोबतीला तुम्ही."

"माझं अस्वल सकाळपासून एक पाय वर करून उभं आहे," चित्रकार बाई म्हणाल्या. "फाइल उघडेल तेव्हा टेकवेन म्हणते."

जावईबापूंनी नियम पाहिला. संगणकाच्या क्रमांकाला चाराने भागायचं, बाकी उरेल त्यावरून दार ठरणार. नियमात खोट नव्हती. मग त्यांनी क्रमांकांची जुनी वही उघडली. चार, आठ, बारा, सोळा, थेट एकशे बारापर्यंत. बाकी सगळ्यांचीच शून्य.

अक्षर सासऱ्यांचं होतं. सिस्टिम सांभाळायची ही खुर्ची त्यांनीच जावयाला मिळवून दिली होती आणि निवृत्त झाल्यावरही ते अकराच्या चहाला न चुकता येत. आजही आले होते.

"प्रत्येकामागे तीन नंबर मोकळे सोडलेत," बशीत चहा ओतत ते म्हणाले. "उद्या माणसं वाढली तर? दूरदृष्टी लागते, जावईबापू."

बारा वर्षांत माणसं दोनाने कमी झाली होती. पण चूक दाखवली तर घरी अबोला आणि झाकली तर घरीच बसणं. जावईबापूंनी वही सासऱ्यांपुढे सरकवली.

"बाबा, ते मोकळे नंबर वापरायची वेळ आलीय. तुमची परवानगी हवी होती."

सासऱ्यांनी बशी खाली ठेवली. "मी म्हणत नव्हतो?"

मग ते वही घेऊन सांगत गेले आणि जावई नंबर बदलत गेला. पहिला होता तिथेच, दुसरा एकाने पुढे, तिसरा दोनाने, चौथा तिनाने, पुन्हा पहिल्यापासून. साडेबाराला प्रत्येक दाराशी सात-सात संगणक होते आणि अस्वल चालू लागलं होतं.

मालक बाहेर आले. "हे कोणी जमवलं?"

"योजना बारा वर्षांपूर्वीची," सासरे म्हणाले. "यांनी टाइप छान केलं."

मालकांनी दोघांकडे पाहिलं. सर्व्हर राहिला, जावईबापूही राहिले. सोमवारपासून त्यांच्या टेबलासमोर आणखी एक खुर्ची लागली, सल्लागारांसाठी.