अमोनियाची बाटली

“आई, हात पदरात घे नं,” पल्लवी माझ्या कानाशी पुटपुटली.

विद्यापीठाच्या काचेच्या इमारतीत आम्ही पालकांच्या रांगेत उभ्या होतो. मी हात पदराखाली घेतले. माझी बोटं सिल्व्हर नायट्रेटनं काळी पडलेली असतात, कितीही घासली तरी डाग जात नाहीत. नवरा गेल्यावर पांढुर्ण्याच्या सरकारी शाळेत प्रयोगशाळा परिचर म्हणून लागले, त्याला एकोणीस वर्षं झाली. पल्लवीही माझ्याच लॅबमध्ये शिकली, आणि आता तिला केमिस्ट्रीत बीएससी करायचं होतं. कुठं, एवढंच ठरायचं होतं. छिंदवाड्याचं सरकारी कॉलेज, की सौंसरच्या पुढं हायवेवर नवीन उभं राहिलेलं हे.

सकाळी यांचीच एसी बस आम्हाला घ्यायला आली होती. वैभव नावाचा टायवाला मुलगा सगळं हिंदीतून समजावून सांगत होता. मूळ मार्कशीट आणि टीसी आजच जमा केली तर सीट पक्की. आणि एकदा जमा केलेले कागद कोर्स संपेपर्यंत परत मिळत नाहीत. पल्लवीनं बसमधून उतरल्या उतरल्या फाइल त्याच्या हातात दिली होती. खोटं कशाला बोलू, ते लॉन आणि ती लायब्ररी पाहून माझाही जीव विरघळला होता.

“मले लॅब पाह्याची आहे,” मी म्हणाले.

“आंटी, लॅब का वीडियो है. बडी स्क्रीन पर दिखायेंगे,” वैभव हसून म्हणाला.

“व्हिडिओत कायले? इतक्या लांब आली, तं डोयानंच पाहीन.”

माझ्या मागं सावरगावचे पुंडलिकराव उभे होते. संत्र्याचा बगीचा आहे त्यांचा, नातीला, अश्विनीला घेऊन आले होते. ते म्हणाले, “दाखव नं बाप्पा. बैल घेतानी आमी दात पाहतो, इथं तं पोरगी देऊन राहिलो.”

चावी शोधण्यात पंधरा मिनिटं गेली. मला तिथंच खटकलं. चालत्या लॅबची चावी शोधावी लागत नाही, ती कोणाच्या तरी कमरेला असते.

लॅब दिसायला झकास होती. पण टेबलावर एक डाग नाही. माझ्या लॅबमधल्या टेबलावर ॲसिडचे चट्टे आहेत, बर्नरनं जळालेल्या कडा आहेत. इथं बोट फिरवलं तर नुसती धूळ. बाटल्या ओळीनं मांडलेल्या, त्यात अमोनियाची मोठी बाटली, तिचं बूच अर्धं वर आलेलं. दिवस मे महिन्याचे. आमच्याकडे उन्हाळ्यात ही बाटली थंड पाण्यात बुडवून मगच उघडतो, तरी डोळ्यांना धारा लागतात. आणि इथं खोलीत वास कशाचा, तर नव्या रंगाचा.

मी पदरातून हात काढला आणि बाटली उचलली.

“मॅडम, टच मत कीजिये, केमिकल है,” वैभव घाईनं म्हणाला.

“माहीत आहे. म्हणूनच उचलली.”

बूच काढून मी बाटली पल्लवीपुढं धरली. बाटलीला नाक लावायचं नसतं, हातानं वारा घेऊन वास घ्यायचा असतो, हे मीच तिला अकरावीत शिकवलं होतं. तिनं तसाच घेतला. मग ती थोडी पुढं सरकली. मग तिनं सरळ नाक लावलं.

“पाणी आहे, आई.”

मी बाटली सिंकमध्ये ओतली. पाणी खालून थेट फरशीवर आलं, माझ्या चपलांवर आणि वैभवच्या बुटांवर. सिंकला खाली पाइपच नव्हता. वाकून गॅसच्या नळाखाली हात घातला, तिथं नुसतं भोक होतं.

माझं डोकंच फिरलं. आमच्या शाळेत अर्धं वर्ष गॅस नसतो, आम्ही स्पिरिटच्या दिव्यावर प्रॅक्टिकल काढतो. पण बाटलीवर जे लिहिलेलं असतं तेच बाटलीत असतं. आणि हे लोक एसी बस पाठवून आमच्या पोरींना पाणी हुंगायला बोलावतात. गावाकडच्या लोकांना काय कळतं, असंच समजतात नं हे आम्हाला. बडा घर पोकळ वासा म्हणतात, तो मी त्या दिवशी हात घालून पाहिला.

“तू काय शिकला रे?” मी वैभवला विचारलं.

तो बूट पुसत होता. “बीएससी. केमिस्ट्रीच, बाई.” त्याची हिंदी गळून पडली होती.

“मंग सिंकले पाइप लागते हे तुले मालूम होतं.”

“होतं,” तो खालीच पाहत म्हणाला. “दुसरी नोकरी नाही भेटली, बाई.”

गलका ऐकून एक साहेब आले. “ये कौन हैं? कहीं प्रोफेसर हैं?”

“शाळेच्या लॅबमधे परिचर आहो. बाटल्या धुतो,” मी म्हणाले. साहेब हसले. मी म्हटलं, “हसा. पण बाटली धुणाऱ्या बाईलेच माहीत असते, तिच्यात काय होतं ते. माह्या पोरीची फाइल द्या.”

साहेबांनी नियम सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात वैभव काउंटरवर गेला, फाइल घेऊन आला आणि त्यांच्याकडे न पाहता त्यानं ती माझ्या हातात दिली.

“आमच्या अश्विनीचीबी आण,” पुंडलिकराव म्हणाले.

विद्यापीठाची बस संध्याकाळी सुटणार होती. आम्ही थांबलो नाही. भर उन्हात हायवेपर्यंत चालत आलो आणि पांढुर्ण्याची साधी बस धरली. पल्लवी मांडीवर फाइल उघडून एकेक कागद तपासत होती.

“राग आला काय व?”

“मी तं देऊन टाकली होती फाइल,” ती म्हणाली. मग फाइल बंद करून, “सोमवारी छिंदवाड्याले जाऊ. पहिले लॅब पाहू. तूच पाहजो.”

बसमध्ये गर्दी वाढली तसे मी सवयीनं हात पदराखाली घेतले. तिनं माझा उजवा हात ओढून बाहेर काढला आणि मांडीवरच्या फाइलवर ठेवला. पांढुर्णा येईपर्यंत तो तिनं तिथंच धरून ठेवला, काळ्या बोटांसकट, सगळ्यांना दिसेल असा.