खालच्या आळीचा माणूस

गुरप्पानं घोंगडीच्या पडद्याआड जाऊन हातातला चिंचोका कुंकू लावलेल्या मडक्यात टाकला, आणि चोरून काही खाल्ल्यासारखं तोंड पुसत तो बाहेर आला.

ओढ्याकाठच्या मारुतीच्या देवळापुढं खालच्या आळीची माणसं बसली होती. गुरप्पा वरच्या आळीचा. त्याला पाहून दोघाचौघांनी सरकून जागा दिली. "या अण्णा, बसा," कुणीतरी म्हणालं. तो बसला नाही. काम आहे म्हणाला आणि चढाच्या वाटेला लागला.

कोहिनूर गावाला सरकारी विहीर मंजूर झाली होती. एकच. उन्हाळ्यात वरच्या आळीच्या आडाला तळ दिसायचा, आणि खालच्या आळीच्या बायका ओढ्यातल्या वाळूत खड्डे करून वाटीनं पाणी भरायच्या. विहीर कुठं हवी ते कल्याणी गावच्या कचेरीत जाऊन सांगायला गावानं एकच माणूस पाठवायचा होता. म्हणून असं ठरलं, की दोन्ही आळ्यांनी आधी आपापला माणूस निवडावा आणि मग त्या दोघांतला एक सगळ्या गावानं.

वरच्या आळीनं जगदेवप्पांचं नाव एका दमात घेतलं. खालच्या आळीत मात्र दोघं उभे राहिले. एक हणमंतराव, अंमलदाराच्या डोळ्याला डोळा देऊन बोलणारा. दुसरा भगवानराव. त्याला एका म्हाताऱ्यानं हट्टानं उभं केलं होतं. ओढ्याकाठी वांगी-मेथी लावणारा हा एकटा गडी चार माणसांत उभा राहिला, की त्याची जीभ टाळूला चिकटायची.

मताचा चिंचोका टाकायला वरच्या आळीतल्या कुणीही यावं, गाव एकच आहे, असं खालच्या आळीच्या जाणत्यांनी मोठ्या मनानं सांगितलं होतं. जगदेवप्पांनी तेवढंच धरलं.

"हणमंतराव आला तर आपलं काय खरं न्हाई," ते आपल्या ओट्यावर बसून म्हणाले होते. "भगवानराव आला तर गाव त्याला कल्याणीला कामून धाडंल? जावा समदे. त्याच्याच, कुंकवाच्या मडक्यात टाका."

आणि सगळे गेले.

मडकी उपडी केली तेव्हा कुंकवाच्या मडक्यातून मोठा ढीग पडला. हणमंतराव धोतर झटकून उठला आणि निघून गेला. भगवानराव बसूनच राहिला. शेवटी शेजारच्यानं त्याला दंड धरून उभं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गुरप्पाच्या दारात आला. डोक्यावर वांग्यांची पाटी, अंगात धुतलेली बाराबंदी. पाटी उतरवून त्यानं निवडून निवडून चार वांगी उंबऱ्यावर ठेवली.

"हे कशाला?" गुरप्पानं विचारलं.

"तुम्ही आलाव म्हणून." भगवानराव खाली बघत म्हणाला. "आपली आळी सोडून माझ्यासाठी आलाव. माझ्यासाठी कुणी... कवा आलं न्हवतं."

एवढं बोलायला त्याला बराच वेळ लागला. गुरप्पाला त्याच्याकडं बघवेना. त्यानं वाकून वांगी उचलली, पुन्हा ठेवली. आतून त्याची बायको अक्कम्मा ताकाचा तांब्या घेऊन आली. भगवानरावानं तो दोन्ही हातांनी घेतला, उभ्यानंच प्याला, तांब्या विसळून पालथा ठेवला आणि पाटी उचलून पुढच्या दाराला गेला. मग त्याच्या पुढच्या. दुपार होईस्तोवर वरच्या आळीतलं एकही दार त्यानं सोडलं नाही.

"लई भला माणूस हाय," अक्कम्मा वांगी चिरता चिरता म्हणाली. त्या दिवशी गुरप्पाला जेवण गेलं नाही.

गावाची निवड चावडीवर झाली. या खेपेला पडद्याआड गुरप्पाचा हात अडखळला, पण थोडाच वेळ. आळीत आपण एकटेच फुटलो, असं त्याला वाटलं. बाहेर येऊन तो खांबाला टेकून उभा राहिला. कुणाकडं बघायचा धीर होत नव्हता.

भगवानरावाचं मडकं उपडं केलं तेव्हा चिंचोके चावडीभर घरंगळले. जगदेवप्पांच्या मडक्यातून मूठभरही पडले नाहीत. गुरप्पानं मान वर केली. वरच्या आळीचा जो तो आपल्या पायाकडं बघत होता.

जगदेवप्पांनी पटका काढला, झटकला, पुन्हा बांधला. जाता जाता ते गुरप्पाजवळ थांबले.

"माझ्याबी दारात आला हुता त्यो," ते हळूच म्हणाले आणि चालू लागले.

कल्याणीला जायच्या दिवशी भगवानरावानं बैलगाडी थेट गुरप्पाच्या दारात आणून उभी केली.

"चला अण्णा. मला सायबापुढं बोलता येत न्हाई. तुमास्नी त्यांची बोली येती."

"हणमंतरावाला न्यायचंस की."

"त्येनंच सांगितलं, गुरप्पा अण्णाला ने म्हणून."

गाडी माळावर आली. दोन्ही अंगाला तूर फुलली होती. मग गुरप्पानं घसा खाकरला.

"भगवानराव, त्या दिशी आमी देवळात आलाव ते..."

"ठावं हाय मला." भगवानराव बैलांकडंच बघत होता. "कामून आलाव ते त्याच दिशी कळलं हुतं. मी बोलत न्हाई अण्णा, पर ऐकू येतंय की."

"मग वांगी कशाला वाटत फिरलास?"

भगवानरावानं कासरा सैल सोडला. त्याला घाई नव्हती.

"कशापायीबी असंना, आलाव तर खरं. एवढी माणसं माझं नाव मनात धरून ओढ्यापातूर चालत आली. ते काय थोडं हाय व्हय?"

गुरप्पानं उपरणं डोळ्यांवर ओढून घेतलं. ऊन फार आहे म्हणाला. पुढं कल्याणीचा किल्ला दिसायला लागला तेव्हा त्यानं विचारलं,

"सायबाला जागा कंची सांगू?"

"तुमच्या मनाला येईल ती सांगा."

"अन् आळीतल्यास्नी काय सांगशील?"

"सांगंन, गुरप्पा अण्णानं ठरीवलं म्हणून."

कचेरीत तुर्की टोपी घातलेला अंमलदार नकाशा पसरून बसला होता. भगवानराव दारातच हात जोडून थांबला. त्याच्या कपाळावर घाम फुटला होता. गुरप्पा पुढं झाला. त्यानं आधी मागं वळून पाहिलं. भगवानराव त्याच्याकडं बघत होता, पोरानं बापाकडं बघावं तसा, कसलीही शंका न ठेवता.

"बावडी किधर होना?" अंमलदारानं विचारलं.

"नीच्चे की गल्ली में, साब," गुरप्पा म्हणाला. "वहाँ की औरतां रेती में से कटोरी से पानी निकालतीं."

अंमलदारानं नकाशावर खूण केली. दारातल्या माणसाकडं एकदा पाहिलं, मग गुरप्पाकडं.

"तुम भी नीच्चे के हो?"

"नहीं साब," गुरप्पा म्हणाला. "मैं उप्पर का."