डब्यातले जास्तीचे नऊ हजार

लग्न होऊन चौथा महिना लागला होता, तेव्हा रक्षितानं सासऱ्यांना विचारलं, की या घराचा वर्षाचा हिशेब कुठे लिहिलेला असतो? गणपतीमामा सुपारीच्या बागेतून नुकते आले होते. पाय धुता धुता त्यांनी कपाळावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथं."

प्रश्न उगाच निघाला नव्हता. बाजारकुणंगच्या पुढं रानाला लागून यांची शेती. तीन एकर भात, शंभर-सव्वाशे सुपारीची झाडं, वरच्या अंगाला काजू, आणि घरामागं कंदांचे वाफे. गेल्या दोन वर्षांत रानडुकरांनी कंदांची वाट लावली होती. रक्षिताचा नवरा वासू सौरऊर्जेवरचं झटका कुंपण घालायचं म्हणत होता. तीस हजारांचं काम. गणपतीमामा दर मार्चला तेच उत्तर द्यायचे, की यंदा जमायचं न्हाई, पुढच्या साली बघू. जमणार का नाही हे ते कशावरून ठरवतात, ते कुणालाच माहीत नव्हतं.

रक्षिता जगलबेटची. बी.कॉम. होऊन दोन वर्षं बेळगावात एका हिशेबनिसाच्या कचेरीत काम केलेली. दुसऱ्यांच्या दुकानांचे आणि गिरण्यांचे हिशेब तिनं जुळवले होते. एकतीस मार्चच्या आत या घराचा हिशेब लिहून देते, मग कुंपणाचं ठरवू, असं ती म्हणाली. मामांनी हरकत घेतली नाही. सोसायटीचं पीककर्ज दरसालप्रमाणे भरून झालं होतं, बँकेचं पासबुक होतं, आणि रोखीचा पत्र्याचा डबा तांदळाच्या कणगीमागं होता. एवढ्याशा घराचा हिशेब, एका दुपारचं काम, असं तिला वाटलं.

त्याला नऊ दिवस लागले.

पावत्या जवळजवळ नव्हत्याच. मामांच्या डोक्यात सुपारी, भात आणि काजू एवढ्याच तीन गोष्टी होत्या. दूध, अंडी, कंद, आमसुलं, केळीचे घड हे सगळं सासूबाईंच्या, म्हणजे रुक्माआत्यांच्या हातून जायचं, आणि आत्या एका जागी बसत नसत. पहाटे म्हशीचं दूध, मग शेण, मग वाळल्या पानांचा भारा आणून गोठ्यात पसरणं, मग काजू वेचणं, वानरं हाकलणं, बागेत पाट वळवणं. "बसून बोलायचं झालं तर पावसाळ्यात ये," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मग रक्षिता वही घेऊन त्यांच्या मागं फिरू लागली.

आत्यांना लिहिता येत नव्हतं, तारखाही ठाऊक नसायच्या. पण कुठली वस्तू कधी गेली हे त्यांना त्या दिवशी घडलेल्या गोष्टीवरून आठवायचं. काजू वेचता वेचता त्या सांगायच्या, की बागेत गवा शिरला त्याच्या दुसऱ्या दिवशी परशू दहा किलो आमसुलं घेऊन गेला. अणशीची मावशी बाळंतपणाला आली त्या आठवड्यात अंडी विकलीच नाहीत. पुलावरून पाणी गेलं तेव्हा तीन दिवसांचं दूध घरात राहिलं, त्याचं तूप केलं, ते मारुती मास्तरांनी नेलं. रक्षिता एका हातानं काजू वेचायची, दुसऱ्या हातानं लिहायची. वहीच्या पानांना काजूचा डाग आणि शेणाचा वास दोन्ही लागले. या नऊ दिवसांत तिला म्हैस पिळायला आली, आणि आत्यांना तिची वही आवडू लागली. "तुझं लेक्क कुठवर आलं?" असं त्या रोज सकाळी विचारायच्या. हिशेबाला त्या लेक्क म्हणत.

अठ्ठावीस मार्चला सगळी बेरीज-वजाबाकी झाली. वहीप्रमाणे डब्यात बावीस हजार सहाशे रुपये हवे होते. रक्षितानं डबा काढून मोजले. एकतीस हजार सहाशे निघाले. पुन्हा मोजले, तेवढेच.

तिचा चेहरा पडला. वासूला तर आनंद झाला. कमी भरले असते तर गोष्ट वेगळी, जास्तच आहेत की, असं तो म्हणाला, आणि कुंपणवाल्याचा नंबर शोधायला लागला. मामाही खूश होते. त्यांनी बायकोकडं बघून सुनेचं कौतुक केलं. रक्षितानं समजावून सांगायचा प्रयत्न केला, की जास्त निघाले म्हणजेही चूकच. कुठली तरी विक्री आपल्याकडून लिहायची राहिली, किंवा हे पैसे आपले नाहीतच.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आत्यांच्या मागं निघाली. गोठ्यात, वाफ्यांत, पाटाच्या कडेनं. नऊ हजारांची वस्तू ही लहान वस्तू नव्हे. एवढे कंद पिकले नव्हते, एवढं तूप झालं नव्हतं. उरली सुपारी. ती मामांनी फेब्रुवारीत रामनगरच्या पुंडलिकशेट व्यापाऱ्याला घातली होती. त्याच्याकडून मामांनी लग्नाच्या खर्चासाठी आधी नऊ हजारांची उचल घेतली होती. ती कापून एक लाख पंधरा हजार आठशे हातात आले, असं त्यांनी सांगितलं होतं, आणि रक्षितानं तसंच लिहिलं होतं.

"आत्या, सुपारीचे पैसे आले तो दिवस आठवतो का?" तिनं विचारलं.

आत्या चंद्री म्हशीच्या पाठीवर पाणी ओतत होत्या. त्या थांबल्या. "न आठवायला काय झालं? चंद्रीला ताप होता त्या दिवशी. हे रामनगरास्नं आले, बँकेत एक लाख टाकले म्हणाले, आनि बाकीचे माझ्या हातात दिले. गुरांचा डॉक्टर इथंच उभा होता. मी त्यातनं आठशे त्याला दिले आनि चोवीस हजार डब्यात टाकले."

"चोवीस हजार? पंधरा न्हवं?"

"चोवीस. दोनदा मोजले मी. एका हाताला शेण होतं म्हणून दुसऱ्यांदा मोजले."

रक्षितानं तिथंच गोठ्याच्या कट्ट्यावर वही टेकवली. तीन क्विंटल वीस किलो सुपारी, तीनशे नव्वदचा दर. एक लाख चोवीस हजार आठशे. व्यापाऱ्यानं पूर्ण रक्कम दिली होती. उचल कापलीच नव्हती.

दुपारी जेवताना तिनं हे सांगितलं, तेव्हा मामांचा घास हातातच राहिला. कापून दिले असतील असं धरून आपण न मोजता खिशात घातले, हे त्यांना आठवलं. सगळ्यांना तेच सांगितलं, हेही आठवलं. वासू मात्र कुरकुरला. शेटनं मागितले नाहीत, त्याच्या लक्षातही नाही. आणि गेल्या साली काजूच्या वजनात त्यानं काय कमी कापलं होतं? ते धरलं तर फिट्टंफाट. कुंपण दारात आलं होतं, तो कुंपणवाल्याशी बोलूनही बसला होता.

त्याचं बोलणं संपेपर्यंत आत्यांनी सगळ्यांना भात वाढला. मग म्हणाल्या, "काजूचं तू तवाच बोलायला पायजे होतंस. हे सुनेनं मांडलेलं पयलं लेक्क हाय. त्यात दुसऱ्याचे पैशे नकोत मला."

वासूनं मान खाली घातली. मग त्यानंच विचारलं, की उद्या रामनगरला कोण जाणार? मामांना शरम वाटत होती. शेवटी दोघी सासू-सुना जाणार असं ठरलं. म्हैस आजारी पडल्यापासून आत्या रामनगरला गेल्या नव्हत्या. त्यांनी पेटीतलं हिरवं लुगडं काढलं आणि दोघा पुरुषांना दिवसभराची कामं सांगायला सुरुवात केली. ते सांगणं सकाळी बसमध्ये पाय ठेवेपर्यंत चाललं होतं.

रामनगरात पुंडलिकशेटचं दुकान उघडं होतं, पण आत काही तरी बिनसलेलं दिसत होतं. शेट गादीवर चार वह्या उघड्या टाकून बसले होते. दाढी वाढलेली. त्यांची बायको कमलाक्का गल्ल्यावर बसायच्या आणि गिऱ्हाइकांना पैसे द्यायच्या. त्या आज पाठ करून पोती मोजत होत्या. दोघांमधलं बोलणं बंद होतं, हे दुकानात शिरताच कळत होतं.

शेटना वाटलं या उचल मागायला आल्या. वर्षअखेर आहे, आता जमणार नाही, एप्रिलात या, असं त्यांनी मान वर न करता सांगितलं. रक्षितानं पिशवीतून वही काढली, फेब्रुवारीचं पान उघडून त्यांच्यासमोर धरलं, आणि काय झालं ते शांतपणे सांगितलं. आत्यांनी पदराची गाठ सोडून नऊ हजार गादीवर ठेवले.

शेटनी खिशातली छोटी डायरी काढली आणि पानं उलटू लागले. फोन नंबरांच्या मधे एका कोपऱ्यात त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं निघालं: गणपती, ९. उचल त्यांनी स्वतः दिली होती, रस्त्यात उभ्या उभ्या, आणि मोठ्या वहीत उतरवायची राहिली होती. कमलाक्कांना ती ठाऊकच नव्हती. त्यांनी वहीप्रमाणे पूर्ण पैसे दिले होते.

कमलाक्का पोती सोडून आल्या. त्यांनी डायरी नवऱ्याच्या हातातून घेतली, वाचली, आणि परत दिली.

"गल्ल्यात नऊ हजार कमी म्हणून तीन दिवस तुम्ही माझ्या भावाचं नाव घेताय," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून शेट जास्तच अवघडले. त्यांनी डायरी मिटली आणि एवढंच म्हणाले, की चुकलं माझं. दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर ते म्हणाले, हे कमलाक्कांनी लक्षात ठेवलं असावं, कारण त्या आत जाऊन चहा टाकून आल्या तेव्हा कप चार होते, एक शेटचाही.

चहा पिताना कमलाक्का रक्षिताची वही चाळत बसल्या. दोन डागाळलेली पानं वाचून त्या हसल्याही. 'गवा शिरला, दुसरा दिवस, परशू, दहा किलो' असं लिहिलेलं होतं. मग त्यांनी विचारलं, की महिन्यातून दोनदा येऊन दुकानाच्या वह्या लिहिशील का? महिन्याला दोन हजार देऊ. रक्षिताला काम हवं होतं. लग्नानंतर ते सुटल्याचं तिला वाईट वाटत होतं, पण तिनं ते घरात कुणाला सांगितलं नव्हतं. घरी विचारून सांगते, असं ती म्हणाली.

"घर इथंच बसलंय न्हवं," आत्या म्हणाल्या. "येईल ती. बसचं भाडं वेगळं. आनि आमचा काजू-सुपारी तोलताना ती काट्यापाशी उभी ऱ्हाणार."

पुंडलिकशेटनी बायकोकडं बघितलं. कमलाक्कांनी मान हलवली. मग त्यांनीही हलवली.

परतीच्या बसमध्ये आत्या खिडकीशी बसल्या होत्या. तुला काम करायचं होतं तर बोलली का नाहीस, असं त्यांनी विचारलं. रक्षिता म्हणाली, नवीन घर, कसं बोलायचं ते कळत नव्हतं. आत्यांनी तिच्या मांडीवर हात ठेवला. नऊ दिवस बडबडत होतीस आणि एवढंच राहिलं व्हय, असं त्या पुटपुटल्या.

घरी पोचल्या तेव्हा ऊन कललं होतं. गोठ्यात गणपतीमामा आत्यांचं जुनं लुगडं डोक्यावरून गुंडाळून म्हशीपाशी बसले होते. सकाळपासून चंद्रीनं त्यांना जवळ येऊ दिलं नव्हतं, म्हणून वासूनं ही युक्ती काढली होती. चरवीत कसंबसं पावशेर दूध होतं. वासू दावं धरून उभा होता, त्याच्या पायाला पट्टी होती. दोघींना बघून मामा उठायला गेले आणि लुगड्यात पाय अडकून गवताच्या भाऱ्यावर बसले. आत्यांनी तोंडाला पदर लावला. वासू आधी हसला, मग सगळेच हसले. रक्षितानं चरवी घेतली, चंद्रीच्या अंगावर थाप मारली आणि पिळायला बसली. म्हशीनं पाय हलवला नाही.

डब्यात बावीस हजार सहाशे राहिले. एकतीस तारखेला चौघांनी बसून ठरवलं, की कुंपण सध्या फक्त कंदांच्या बाजूला घालायचं, खांब आपल्याच बांबूचे. वासूनं ते काम पाडव्यानंतर चार दिवसांत उरकलं. 'पुढच्या साली बघू' म्हणायची मामांची सवय मोडली असं काही नाही, पण म्हणायच्या आधी ते सुनेकडं बघू लागले.

एप्रिलच्या एका रविवारी अंगणात पुंडलिकशेटची स्कूटर येऊन थांबली. मागच्या सीटवर कमलाक्का होत्या. जिला सगळं आठवतं ती बाई नीट बघून घ्यायची होती, असं त्यांनी सांगितलं. आत्यांनी त्यांना आंब्याखाली घोंगडी टाकून दिली, दोघी काजूच्या बिया आणि बोंडं वेगळी करत बसल्या, आणि कुणाचं लग्न कुठल्या साली झालं इथून सुरुवात करून दुपार उलटेपर्यंत बोलत राहिल्या. पुंडलिकशेट थोडा वेळ ओट्यावर एकटेच बसले. मग वासू त्यांना पाट वळवायला घेऊन गेला. ते संध्याकाळी परत आले तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती, हातात केळीचा घड होता, आणि निघायची घाई मात्र कुणालाच नव्हती.