अकरा नंबर

सप्टेंबरच्या पहिल्याच तासाला स्कारानो बाईंनी नियम सांगितले, तेही आमच्याकडे न बघता. इटलीतल्या आमच्या पोटेन्झा शहराच्या उतारावरची घरं खिडकीतून बघत त्या बोलत होत्या, जणू आम्ही वर्गात नव्हतोच.

"फिजिक्सला दहापैकी सहाला पास. मी कुणाला गुण देत नाही आणि कुणाचे कापत नाही. मी फक्त सरासरी काढते. साडेपाच भरले तर सहा धरीन. त्याच्या खाली एक शतांश जरी गेलात तर पाच. एकक न लिहिलेलं उत्तर मी वाचत नाही. आणि तोंडी परीक्षेला कुणी आपणहून हात वर करायचा नाही. हात कायम हुशार मुलंच वर करतात. इथे ज्याचं नशीब, तो फळ्यापाशी."

नशीब म्हणजे त्यांच्या टेबलावरचं सूत्रांचं पिवळं पडलेलं पुस्तक. बाई ते मधेच कुठेतरी उघडायच्या, पानाचा आकडा मोठ्याने वाचायच्या आणि त्यातल्या अंकांची बेरीज करायच्या. बेरीज येईल त्या हजेरी नंबराने उठायचं. पुस्तकाची पानं चारशे नव्याण्णव आणि आम्ही बावीस जण, त्यामुळे कुणीच सुटत नव्हतं. तसा माझ्या शेजारचा सबातीनो अबाते सुटायचा. त्याचा नंबर एक. त्याच्यासाठी पान एक, दहा किंवा शंभर उघडायला हवं होतं, आणि ते वर्षभरात उघडलं नाही. पठ्ठ्या तासभर आरामात पाय पसरून बसायचा.

माझा नंबर अकरा. इलेनिया मायनिएरी.

जानेवारीत दुसरं सत्र सुरू झालं. पहिल्या लेखी परीक्षेत मला दोन मिळाले. गणितं बहुतेक बरोबर होती, पण एकक एकाही ठिकाणी नव्हतं. बाईंनी उत्तरपत्रिकेवर लिहिलं होतं, "तेरा काय? कोंबड्या?" मी वर्गात हसले आणि घरी येऊन रडले. कारण सत्राच्या शेवटी पाच पडले असते, तर जून-जुलै उजळणीचे वर्ग आणि ऑगस्टअखेर परत परीक्षा. आणि माझं अठरा जूनचं तिकीट होतं. आई जर्मनीत श्टुटगार्टला एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करायची, मी इथे असुंता मावशीकडे राहायचे. ख्रिसमसनंतर आई दिसणार होती ती उन्हाळ्यातच. नापास झाले असते तर पुढच्या ख्रिसमसला.

आणि मग ते अकरा यायला लागलं. पान दोनशे अठरा, अकरा. पान एकशे सदतीस, अकरा. "मायनिएरी, ये." दर दोन-तीन आठवड्यांनी फळ्यापाशी मी. मी उठले की मागे एकवीस जण सुटकेचा श्वास टाकायचे, तो मला पाठीवर जाणवायचा. वर्गातल्या एका हुशार पोरीने कागदावर मांडून दाखवलं की तीन अंकांची बेरीज मधल्या आकड्यांवरच जास्त वेळा येते, अकरावर सगळ्यात जास्त. "यात कुणाचा दोष नाही गं, गणितच तसं आहे." माझं समाधान काही झालं नाही. मावशीने लाल शिंगाचा ताईत माझ्या दप्तराला बांधला. दुसऱ्या दिवशी परत अकरा.

"तुझ्या ताईताला फिजिक्स येत नाही," सबातीनो म्हणाला.

"तू गप रे, एक नंबर!"

पण रोज डोक्यावर टांगती तलवार असली की माणूस निमूट अभ्यास करतो. करावाच लागतो. इतर मुलं लेखी परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तक उघडायची, मी रोज संध्याकाळी. मावशी टीव्हीचा आवाज कमी करून म्हणायची, "काय पाप केलंस गं पोरी?"

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी गुण मांडले. दोन, पाच, चार, पाच, सहा, सहा, सहा, सात, सात. एकूण नऊ वेळचे गुण. इतरांचे चार, फार तर पाच वेळचे होते. बेरीज अठ्ठेचाळीस, सरासरी पाच पूर्णांक तेहेतीस. शेवटचा एकच तास उरला होता. त्यात सात मिळाले असते तर बरोबर पंचावन्न, दहाने भागून साडेपाच. पण त्यासाठी आधी माझा नंबर तर यायला हवा! पाच महिने जो नको नको म्हणत होते, तोच आता हवा होता. आणि बाईंकडे हात वर करायची सोय नाही.

"ते माझ्यावर सोड," सबातीनो म्हणाला. मधल्या सुट्टीत त्याने बाईंचं पुस्तक पान दोनशे अठरावर उघडलं, बाकावर उपडं घातलं आणि त्यावर बसून आख्खा पावाचा तुकडा सावकाश खाल्ला. "आता ते दुसरीकडे उघडणारच नाही. तू पहिल्या बाकावर बस आणि नजर ठेव."

म्हणून त्या दिवशी मी पहिल्या बाकावर होते, बाईंच्या टेबलाला खेटून. बाईंनी पुस्तक हातात घेतलं. ते आपसूक दोनशे अठरावर उघडलं आणि पानांतून पावाचा चुरा टेबलावर पडला. बाईंनी चुरा बघितला. मग सबातीनोकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

"माझ्या पुस्तकावर कुणीतरी जेवलंय," त्या म्हणाल्या आणि पुस्तक मिटलं. "परत उघडू."

पानं फडफडली आणि पुस्तक उघडलं. मी मान पुढे काढली. पान चारशे तीन. चार अधिक शून्य अधिक तीन, सात. सात नंबरचा मुलगा मागे जांभई देत होता. संपलं, मी मनात म्हटलं, संपलं सगळं. आईला फोनवर काय सांगायचं ते मी तिथेच जुळवायला लागले.

बाईंनी पानाकडे नीट बघितलं.

"पान तीनशे आठ," त्या म्हणाल्या. "अकरा. मायनिएरी, ये."

मी उठले कशी आणि फळ्यापर्यंत गेले कशी, आठवत नाही. खडू हातात आला तेव्हा मी अजून त्या पुस्तकाकडेच बघत होते. बाईंनी ते मिटून टाकलं.

"आपला गावातला, चढावरचा सरकता जिना. बाई साठ किलोची, बाजाराची पिशवी दहा किलोची. वीस मीटर उंची, एकशे चाळीस सेकंद. जिन्याची किती शक्ती लागली?"

सत्तर गुणिले नऊ पूर्णांक आठ, गुणिले वीस. तेरा हजार सातशे वीस. भागिले एकशे चाळीस. गणित सुटत गेलं, कारण रोज संध्याकाळी ते सुटायचंच.

"अठ्ठ्याण्णव," मी म्हणाले.

बाईंच्या भुवया वर गेल्या.

"वॅट!" मी ओरडलेच. "अठ्ठ्याण्णव वॅट, बाई!"

"ओरडू नकोस, जिना घाबरेल. बरं, बाई उभी न राहता चालत वर गेली तर?"

मी थांबले. त्या जिन्यावरून मी रोज घाईघाईने चढते. "मग जिन्याला काम कमी पडेल. थोडी उंची तिचे पाय चढतात."

"कुणाचे पाय?"

"तिचे स्वतःचे."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. "सात," त्या म्हणाल्या. सबातीनोने बाकावर एवढ्या जोरात मूठ आपटली की त्याला वर्गाबाहेर जावं लागलं.

तास संपल्यावर मी मागे राहिले. वर्ग रिकामा झाला तरी बाई टेबलावरचा पावाचा चुरा तळहाताने गोळा करत होत्या.

"बाई, पान चारशे तीन होतं."

"माझा चष्मा घरी राहिलाय."

चष्मा नाकावर होता.

"बाई, पाचही महिने?"

त्यांनी चुरा कचऱ्याच्या डब्यात टाकला, हात झटकले. "मी गुण देत नाही, हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं. जानेवारीचे दोन मला खोडता येत नाहीत. त्यांच्याभोवती आणखी गुण जमले तरच ते लहान होतात. तुला मुद्दाम उठवते म्हटलं असतं, तर वर्गाने एक तर तुझी कीव केली असती, नाही तर माझं डोकं खाल्लं असतं. म्हणून पान."

"सगळीच पानं खोटी होती?"

"नाही. फेब्रुवारीत एकदा खरोखर अकरा आलं. तुला सर्दी झाली होती, नाक लाल, घरी पुस्तक उघडलेलं नाही. पानावर अकरा दिसलं आणि मला दुसरं काही सुचलंच नाही, वाचून मोकळी झाले." त्या दप्तर उचलून दाराकडे निघाल्या. "तेव्हाच तुला चार पडले."

मी बाहीने डोळे पुसले. बाईंनी मागे वळून बघितलं नाही, तेच बरं झालं.

खाली जाताना मी सरकत्या जिन्यावर पहिल्यांदाच नुसती उभी राहिले आणि आईला फोन लावला. मागे भांड्यांचा खणखणाट होता.

"किती?" आईने विचारलं, हॅलोसुद्धा न म्हणता.

"साडेपाच. म्हणजे सहा. अठराला येतेय मी."

आई भांड्यांमध्येच मोठ्याने रडायला लागली, मग हसायला. "अगं, तुझं नशीब म्हणायचं! इतक्या वेळा नेमका तुझाच नंबर!"

"नशीब नाही आई," मी म्हणाले. "आल्यावर सांगते."