हद्दीच्या दगडापुढची चाळीस पावलं

भोरहून वेल्ह्याच्या वाटेवर, अकराव्या मैलाला हद्दीचा दगड होता. अलीकडे संस्थान, पलीकडे इंग्रजी मुलूख. हैबतीची उतारूंची मोटार रोज सकाळी भाटघरावरून यायची आणि या दगडापाशी थांबायची. पुढं जायचा परवाना तिला नव्हता. उतारू गाठोडी घेऊन उतरत, नाक्यावरच्या आडव्या बांबूखालून वाकून पलीकडे जात आणि बैलगाडीत बसत.

दगडाच्या अलीकडे मोटार वळवायला मात्र जागा नव्हती. एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला ओढा. म्हणून रिकामी मोटार पलीकडे चाळीस पावलं नेऊन वळवायची सवलत होती. नाक्यावरच्या आनंदराव जमादारांनी ती पावलं स्वतः मोजून शेवटाला चुन्याची रेघ ओढली होती. त्या रेघेला पुढची चाकं टेकली की हैबतीला समोरच्या माळावर, दीड मैलावर, आपल्या घराचा धूर दिसे. धूर सरळ वर गेला तर वारा पडलाय, म्हणजे आई बाहेर मेंढवाड्यापाशी बसली असणार. धूर लवला तर ती आत. सहा वर्षं घरची एवढीच खबर त्याला रोज मिळत होती. उतरून जावं, तर चालकानं रस्त्यात मोटार सोडून जायचं नाही, असा नियम.

हैबती म्हणायचा, हे कायदे कुणीतरी पुण्यातला चौक बघून केले आणि डोंगरात आणून ठोकले. दिवसभरात जिथं दुसरी मोटार दिसत नाही, तिथं वळणावळणाला भोंगा वाजवायचा. ज्या चढावर मोटार ताशी आठ मैलांनी धापा टाकते, तिथं ‘बारा मैलांहून जास्त नको’ अशी पाटी. चौदाच्या वर उतारू नकोत, म्हणून ते रोज मोजायचे. ब्रेक लागतो का, ते सहा वर्षांत एकदाही कुणी पाहिलं नव्हतं. पलीकडच्या परवान्यासाठी त्यानं दोन अर्ज केले. एका कचेरीनं कळवलं, तो रस्ता आमचा नाही. दुसरीनं कळवलं, ती मोटार आमची नाही.

त्याची आई भागूबाई. धनगरांचा रिवाज असा, की नवं जनावर विकत आणलं की आधी दारात उभं करायचं. घरची बाई त्याच्या पायांवर पाणी घालते, कपाळाला भंडारा लावते. उंबरा पाहिलेलं जनावर कितीही लांब गेलं तरी माघारी येतं. भागूबाईनं मोटारीला तोच न्याय लावला होता. पहिल्या वर्षी ती दगडापर्यंत चालत आली आणि मेंढराला देतात तसं मूठभर मीठ मोटारीच्या दिव्यापुढं धरून उभी राहिली. हैबती हसला, मग ते मीठ त्यानं रुमालात बांधून घेतलं. भंडारा इथंच लाव म्हणाला, तर तिनं मान हलवली. रस्त्यात लावल्यानं जनावर रस्त्याचं होतं, घराचं नाही.

आता दोन वर्षं तिचे गुडघे धरले होते. आणि या आठवड्यात हुकूम आला, की मोटार लढाईच्या कामाला घेतली. मोटारीबरोबर चालवणाराही जायचा होता. शेवटच्या खेपेनंतर दुसऱ्याच पहाटे पुण्याला हजर, तिथून पुढं कुठं ते कागदावर नव्हतं. बैलगाडीवाल्याकरवी त्यानं घरी निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी उलटा निरोप आला: गाडीनं दार बघितल्याबिगर जाऊ नगंस.

आज शेवटची खेप होती. उतारू उतरले आणि हैबती मोटार घेऊन बांबूपलीकडे गेला, तर मोटार वळवायच्या जागेवर खडीचे तीन ढीग. सहा वर्षांत ज्या रस्त्यावर खडीची एक पाटी पडली नव्हती, तिथं नेमके आज, नेमके तिथंच. पुढं जायला वाट होती, पण मोटार वळेना.

“आता वं, जमादार?”

आनंदरावांनी ढिगांभोवती एक फेरी मारली. मोटार उतारावर उलटी नेणं मना आहे, ते म्हणाले. मग पुढं बघत सावकाश बोलले, “कलम असं आहे, की मोटार वळंल अशा जवळात जवळच्या जागी वळवावी. पुढं जवळची जागा कुठली?”

हैबतीनं धुराकडे पाहिलं. “आमचा मेंढवाडा.”

“मग तिथं वळवा. फक्त वळवायची. चाक थांबलं तर तो मुक्काम होतो, आणि मुक्कामाला परवाना लागतो.”

परतीच्या उतारूंत ठकुबाई म्हणून एक म्हातारी गाठोड्यावर बसली होती. तिनं विचारलं, “आन आमी तवर कुटं बसू, जमादार? तुमच्या कलमाच्या सावलीला?”

जमादारांनी तिला दरडीच्या सावलीकडे बोट दाखवलं. त्यांच्या बुटांवर खडीची पांढरी भुकटी बसली होती. खडी तिथंच टाका असं मुकादमाला कुणी सांगितलं, ते हैबतीनं विचारलं नाही.

दीड मैल आठ मिनिटांत संपला. धूर सरळ वर जात होता. भोंगा ऐकून भागूबाई काठी टेकत उभी राहिली होती, पायाशी पाण्याचा तांब्या, मुठीत भंडारा. हैबतीनं मोटार अंगणात घातली आणि अगदी मंद चालीवर फिरवायला घेतली. कुत्री भुंकत मागं धावली, वाड्यातली मेंढरं एका कोपऱ्यात दाटली. मोटार दारापुढून सरकू लागली तशी आईनं पुढच्या चाकावर पाणी ओतलं, आणि एका हातानं दिवा चाचपत, मोटारीबरोबर लंगडत, दिव्यावरच्या पत्र्याला भंडारा फासला.

“थांब की वाईच,” ती म्हणाली. “भाकरी थापलीया.”

“थांबता येत न्हाई, आये.”

ती मोटारीबरोबर आणखी चार पावलं चालली. हात वर करून तिनं सुकाणूच्या चाकावरच्या त्याच्या मनगटालाही भंडारा लावला. “हिनं बघितलं नव्हं घर?”

“बघितलं.”

“मग यील ही.”

मोटार वळली. दाराच्या चौकटीतून चूल दिसली, तव्यावरची भाकरी दिसली, कोपऱ्यातली त्याची जुनी घोंगडी दिसली, आणि मग समोर पुन्हा रस्ता आला. आरशात आई लहान होत गेली. मोटारीनं घर पाहिलं होतं. तिच्यात बसून गेलेल्या माणसाचा पाय मात्र उंबऱ्याला लागला नव्हता, आणि आईचा रिवाज त्यालाही लागू होता की नाही, हे विचारायचं राहून गेलं होतं.

दगडापाशी जमादारांनी बांबू वर केला. त्यांनी पत्र्यावरचा भंडारा पाहिला, मग हैबतीच्या मनगटावरचा. परतीचे उतारू चढले आणि नियमाप्रमाणे त्यांनी ते मोजले. तेरा भरले, म्हणजे नियमात बसत होते. तरी त्यांनी पुन्हा एकदा सावकाश मोजले आणि मग त्याला जायची खूण केली.